दूध तरी गेलं ना पोटात!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दोन-तीन वर्षांच्या मुलांना सकाळी नाश्त्याला काय द्यावं, यावर आपल्या पुरवणीत आलेलं पान मी दोनदा वाचलं. पाककृती चांगल्या आहेत. पण मला जे शोधायचं होतं ते पानभर कुठे सापडलं नाही, आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे आमच्या घरात एक लहान मूल कित्येक महिने आजारी राहिलं. ताटलीत काय वाढायचं हा प्रश्न नंतरचा. ताटलीसमोर बसलेल्या मुलाला भूक लागलेली आहे का, हे आधी बघायला हवं. आम्ही ते बघितलं नाही.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत 34 वर्षं तंत्रज्ञ होतो. निवृत्त झालो त्याच वर्षी नात झाली. मुलगा आणि सून सकाळी आठला घर सोडतात, त्यामुळे तिचं सकाळचं खाणं माझ्या आणि तिच्या आजीच्या हातात आलं. मी ते आनंदाने अंगावर घेतलं.

पहिला वाढदिवस होईपर्यंत ती समोर येईल ते खायची. वाढदिवसानंतर दोन-तीन महिन्यांत एकदम खाणं कमी झालं. वाटी पुढे केली की तोंड फिरवायची, ओठ घट्ट मिटायची, चमचा हाताने उडवायची. आम्ही घाबरलो. तेव्हा कोणी तरी समोर बसवून सांगायला हवं होतं की यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवेळच्या तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. शरीर आपलं काम बरोबर करत असतं. पण घरच्यांच्या डोळ्यांपुढे सहा महिन्यांपूर्वीचं ते गपागप खाणारं बाळ असतं, आणि आताची अर्धी उरलेली वाटी बघून पोटात गोळा येतो.

मग आम्ही काय केलं? बाटली दिली.

साडेसहाला ती झोपेतून चाळवली की सून बाटली तोंडात द्यायची, 250 मिली. डोळे मिटलेलेच असायचे, दूध संपायचं. आठला नाश्ता समोर ठेवला की नको. साहजिक होतं, पोट भरलेलं होतं. नऊ वाजता आजीच्या जिवाला चैन पडायची नाही, म्हणून आणखी 200. दुपारी झोपवताना मी द्यायचो. संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याला लाडाने काहीतरी द्यायचं असायचं, तो द्यायचा. रात्री झोपताना पुन्हा सून. प्रत्येक बाटलीनंतर कोणी ना कोणी म्हणायचंच, "जाऊ दे, दूध तरी गेलं ना पोटात!" हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही.

चौघांचे चार हात होते, आणि प्रत्येकाला वाटायचं आपण एक-दीड बाटलीच देतोय. बेरीज कोणीच केली नव्हती. ज्या दिवशी केली त्या दिवशी आकडा आला 1 लिटर 100 मिली.

हा आकडा काय सांगतो ते बघा. सायीच्या दुधात 100 मिलीमागे साधारण 60 ते 65 कॅलरी असतात. म्हणजे तिच्या पोटात दुधातूनच जवळपास 700 कॅलरी जात होत्या. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज ढोबळमानाने 1000 कॅलरींच्या आसपास. तिच्या भुकेचा दोन तृतीयांश भाग आम्ही बाटलीने भरून टाकत होतो, आणि उरलेल्या भुकेला नाश्ता, जेवण, फळ सगळं खाल्लं जावं अशी अपेक्षा धरून बसलो होतो. दुधात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, पण लोह जवळजवळ नाही. एक लिटर दुधात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 7 मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन नावाचं प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत.

ती बावीस महिन्यांची असताना एक दिवस गॅलरीतल्या कुंडीजवळ बसलेली दिसली. तर्जनी मातीत खुपसायची, बाहेर काढून चोखायची, पुन्हा खुपसायची. मी हात धुतला, दरडावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही कुंडी वर उचलून ठेवली. मग ती भिंतीचा सुटलेला पोपडा नखाने काढून तोंडात घालू लागली. सगळेच म्हणाले, मुलं करतातच असं. चिडचिड वाढली होती. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की हात वर करून "आबा, उचल" म्हणायची. आणि रंग? येणारे-जाणारे म्हणायचे, रंग उजळला हो पोरीचा. वजन छान होतं, गाल भरलेले होते. कमतरता असलेलं मूल रोडकंच असेल अशी आपली समजूत असते, आणि तिथेच आपण फसतो.

लसीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि एकच प्रश्न विचारला: दिवसाला दूध किती? सुनेने कौतुकाने सांगितलं, "दूध भरपूर पिते, त्याची तक्रारच नाही." डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं.

हिमोग्लोबिन 7.9. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024च्या निकषांप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षं या वयात ते 10.5च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत 11च्या खाली. तपासणी जिथे झाली तिथल्या तंत्रज्ञाला मी विनंती केली की स्लाइड मला एकदा बघू द्या. त्याने खुर्ची रिकामी करून दिली. निरोगी लाल पेशीच्या मधोमध फिकट भाग असतो, तो पेशीच्या एक तृतीयांश एवढा. नातीच्या पेशी आकाराने लहान होत्या आणि मधला भाग इतका पसरलेला की कडेला फक्त बांगडीसारखी लाल रेघ उरली होती. मधूनमधून पेन्सिलीच्या आकाराच्या लांबट पेशी. अशा स्लाइड मी आयुष्यात किती बघितल्या असतील! प्रत्येक वेळी रिपोर्टवर दोन शब्द लिहायचे आणि पुढची स्लाइड घ्यायची. त्या पेशींच्या मागे एक बाटली असते आणि बाटलीच्या मागे चार प्रेमाची माणसं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मेंदूची वाढ या वयात जोरात चाललेली असते आणि तिला लोह लागतं. ते फार काळ कमी पडलं तर पुढे शिकण्यावरही त्याचा परिणाम राहू शकतो.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची शंका डॉक्टरांनी वेगळ्या तपासणीने दूर केली. मग उपचार साधा होता. लोहाचे थेंब वजनानुसार मोजून, आणि बाटली बंद. दूध कपातून, दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत, आणि खाण्याच्या आधी दीड-दोन तास अजिबात नाही. थेंबांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो: ते डॉक्टरांनी दिलेल्या मापानेच द्यायचे आणि औषधाची बाटली कुलपात ठेवायची. लोहाचा जास्तीचा डोस लहान मुलासाठी विषच असतो. थेंबांनी शी काळी होते, त्याला घाबरू नये.

बाटली बंद केली तो पहिला दिवस आमच्या घरात कोणी विसरणार नाही. साडेसहाला उठली, बाटली मागितली, मी पाण्याचा कप पुढे केला. तो भिंतीवर आदळला. चाळीस मिनिटं रडली. आजी दुसऱ्या खोलीत जाऊन बसली, सुनेच्या डोळ्यांत पाणी. आठ वाजता नाश्ता समोर ठेवला, तिने हात लावला नाही. मी उचलून ठेवला, काही बोललो नाही. दहाला फळ दिलं, दोन घास घेतले. दुसरा दिवस असाच. तिसऱ्या दिवशी उठल्यावर बाटली मागितली, पण रडणं पाच मिनिटांत संपलं, आणि मग तिने जे म्हटलं ते आम्ही कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "आबा, भूक."

त्या सकाळी उकडलेलं अंडं होतं. मी सोलून द्यायला लागलो तर तिने हातातून ओढून घेतलं. कवचाचे बारीक तुकडे काढायला तिला दहा मिनिटं लागली. पांढरा भाग फोडून आतला पिवळा गोळा काढला, ताटलीत ठेवला, बोटाने दाबला. तो भुगा झाला तसा तिला नवल वाटलं. पांढरं खाल्लं. मग भुग्यात बोट बुडवून चाटलं, तसंच, जसं कुंडीतली माती चाटायची. मी समोर बसून होतो, एकदाही "खा" म्हटलं नाही.

अंड्याचं नाव घेतलं म्हणून लगेच सांगतो, डॉक्टर म्हणाले होते की अंडं उत्तम अन्न आहे, पण लोहासाठी त्याच्यावर विसंबू नका. एका अंड्यात लोह साधारण एक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. मांस-मासे खाणाऱ्या घरात ते मऊ शिजवून थोडं द्यावं, त्यातलं लोह सहज शोषलं जातं. न खाणाऱ्यांनी डाळी, कडधान्यं, लोह मिसळलेलं धान्याचं पीठ वापरावं आणि त्याच वेळी संत्र्यासारखं क जीवनसत्त्वाचं फळ द्यावं, म्हणजे वनस्पतींतलं लोह शोषायला मदत होते. चहाचा घोट मात्र गंमत म्हणूनही देऊ नये, तो लोहाला अडवतो. आमचा नाश्ता असा बेतला गेला: काहीतरी धान्याचं, काहीतरी डाळीचं किंवा अंड्याचं, आणि एक फळ. वाढायचं किती, तर वयाच्या प्रत्येक वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा. आमच्या नातीला प्रत्येकी दोन चमचे. पहिल्यांदा एवढंसं वाढलेलं बघून माझाच हात आखडला होता. पण ताटली रिकामी करून "अजून" म्हणणारं मूल आणि भरलेली वाटी बघून तोंड फिरवणारं मूल, यांत फरक बऱ्याचदा वाढण्याचाच असतो.

आता भरवण्याबद्दल. बाटलीच्या जोडीला आम्ही हाही अपराध करत होतो. मोबाइलवर गाणी लावायची, तिचं तोंड उघडं राहिलं की चमचा आत. तिला कळायचंही नाही आपण काय खातोय. मोबाइल बंद केला तेव्हा लक्षात आलं की चव बघणं, चावणं, पुरे झालं हे ओळखणं, यांतलं काहीच ती शिकली नव्हती. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटना 2019पासून सांगते आहे. नाश्त्याच्या वेळी तर त्याचं नुकसान दुप्पट.

निवृत्त माणसाकडे वेळ असतो, मी वाचत गेलो. अमेरिकेत 1926 साली क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतं दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला आणि तो काही वर्षं चालवला. एकूण 15 मुलं होती. 34 प्रकारांतले पदार्थ समोर मांडायचे, नर्सने हातात चमचा घेऊन गप्प बसायचं. मुलाने बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच त्या पदार्थाचा घास द्यायचा. कौतुक नाही, आग्रह नाही. मुलांची एकेक न्याहारी ऐकून आपण डोक्याला हात लावू. कोणी अर्ध्या लिटरच्या आसपास संत्र्याचा रस आणि त्यावर कलेजी असा नाश्ता करायचं. तरी सगळी मुलं सुदृढ झाली. पण डेव्हिसबाईंनी 1939च्या लेखात स्वतःच स्पष्ट केलं की खरी गोम पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, गोड केलेलं काही नव्हतं. मुलांनी काहीही निवडलं तरी ते चांगलंच असणार होतं. म्हणजे समोर काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं किती पोटात घालायचं ते मुलाने.

दुसरा अभ्यास 1991चा, अमेरिकेतल्या संशोधक लीन बर्च आणि सहकाऱ्यांचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं त्यांनी सहा दिवस मोजलं. एकाच मुलाचं एकेका वेळचं खाणं सरासरी 33 टक्क्यांहून अधिक कमी-जास्त होत होतं. पण दिवसभराची बेरीज केली तर फरक 10 टक्क्यांच्या आसपासच. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी भरून काढतं. हा आकडा वाचल्यापासून मी सकाळी अर्ध्या राहिलेल्या ताटलीकडे शांतपणे बघू शकतो. अट एकच, मधल्या वेळेत बाटली, बिस्कीट, रस यांची घुसखोरी नको. रसाचंही माप आहे, एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर 120 मिली, आणि खरं तर अख्खं फळच बरं. "मुलांसाठी खास" असं छापलेल्या डब्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साखर किती ते बघावं. चार ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा. मी बघितलं आणि आमच्या घरातले दोन डबे परत कधी आणले नाहीत.

नवीन पदार्थाबद्दल एवढंच सांगेन की थुंकलं म्हणजे नाकारलं असं नाही. आमच्याकडे मटार सात वेळा थुंकला गेला. आठव्या वेळी चावला गेला, अकराव्या वेळी मागितला गेला. आठ-दहा वेळा चव घेतल्याशिवाय या वयाचं मूल नव्या पदार्थाला आपलं म्हणत नाही, हे अभ्यासांतही दिसलं आहे. आपण मात्र दुसऱ्या वेळेलाच "हिला आवडत नाही" असं जाहीर करून टाकतो, तेही तिच्यासमोर.

आणि एक काळजीची गोष्ट. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करूनच द्यावीत, अख्खे शेंगदाणे आणि इतर दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत; त्यांचं मऊ वाटण पातळ लावून द्यावं. खाताना मूल बसलेलं असावं, शेजारी मोठं माणूस असावं. पळत्या मुलाच्या तोंडात घास कोंबताना मी अनेकांना बघतो, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

लोहाच्या कमतरतेमुळे लागलेलं तिचं माती खाणं पंधरा दिवसांत थांबलं. कुंडी मी पुन्हा खाली ठेवली, ती आता तिला पाणी घालते. महिन्याने हिमोग्लोबिन 9.4 झालं, तीन महिन्यांनी 11.6. ते आल्यावरही डॉक्टरांनी थेंब आणखी दोन महिने चालू ठेवले, कारण शरीरातला साठा भरायचा होता. पुष्कळ घरांत आकडा सुधारला की औषध बंद होतं. तसं करू नये. जगात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कारणं अनेक आहेत, गरिबी आहे, जंत आहेत, आजार आहेत. पण ज्या घरात अन्नाला तोटा नाही तिथे निव्वळ मायेपोटी मुलाचं रक्त पातळ व्हावं, याची मला राहून राहून खंत वाटते.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला असतो. जो दूध देईल त्याने वेळ आणि मिली लिहायचं. काल एकूण 360 मिली झालं, त्यातलं 120 नाश्त्याबरोबर कपातून. नातवंडं सांभाळणाऱ्या सगळ्या आजी-आजोबांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा कागद एक आठवडा तरी लावून बघा, आणि बेरीज अर्ध्या लिटरच्या बरीच वर गेली, मूल फिकट दिसत असेल, माती किंवा बर्फ चघळत असेल, तर डॉक्टरांना दाखवून एक साधी रक्ततपासणी करून घ्या.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. यापुढे लहान मुलांच्या नाश्त्याच्या पाककृती छापाल तेव्हा पानाच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळींची चौकट द्यावी: उठल्याउठल्या बाटली नको, आणि दिवसभराचं दूध अर्ध्या लिटरच्या आत, तेही कपातून. पाककृतींना जागा थोडी कमी पडली तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ